लाल दोऱ्याची गाठ

आक्काने काठी आडवी धरली आणि येणारी मोटरसायकल भर चौकात थांबवली.

"थांब जरा."

"का ओ आक्का? काय झालं?" मोटरसायकलवाल्याने पाय टेकला. दोन्ही बाजूंना लटकवलेल्या दुधाच्या किटल्या खणखणल्या.

"सून धूळ गोळा करतीया."

"धूळ?"

"व्हय, धूळ. कानात बोळं घातल्यात काय?"

कोल्हापुरात रस्ता अडवायचा तर एकतर मंत्री पाहिजे, नाहीतर म्हैस. त्या सकाळी आक्काजवळ दोन्ही नव्हतं. म्हशी दारात रवंथ करत बसल्या होत्या आणि मंत्र्यांना या गल्लीत निवडणुकीशिवाय काही काम नसतं. पण लुगड्याचा काष्टा मारून, कपाळभर कुंकू लावून आक्का रस्त्याच्या मधोमध उभी राहिली की रिक्षावालेसुद्धा हॉर्नवरचा हात काढून घेत. तिच्या पाठीशी, खडूने आखलेल्या चौकोनात, अनुजा गुडघ्यांवर बसून रंगाच्या नव्या ब्रशने डांबरावरची धूळ सुपलीत ओढत होती.

मागून आलेल्या एका अनोळखी गाडीवाल्याने मान बाहेर काढली.

"सोनं सांडलंय का काय मावशी?"

"पावणं, घाई आसंल तर त्या बोळातनं जावा. आन् सोनं घावलं तर तुमास्नी निरोप धाडतो."

गाडी मुकाट्याने बोळात वळली. अनुजाला हसू आलं, पण हसलं की हात हलतो म्हणून तिने ओठ दाबले.

"हे मोठं मोठं खडं कशाला टाकून देतीस?" आक्काने वाकून विचारलं.

"ते नकोत आत्ती. पिठासारखं बारीक असतं ना, त्यालाच खत जास्त चिकटून असतं. खराट्याच्या काड्यांतून निसटतं तेच मला पाहिजे."

"मग हितं उन्हात कशाला बसलीस? तुझ्या नवऱ्याच्या कपाटाखाली लई हाय की!"

अनुजा मूळची वारणानगरची. लग्नाच्या बोलणीत तिने एकच अट घातली होती, विद्यापीठातलं संशोधन सोडणार नाही. त्यावर बैठकीतल्या कुणीतरी हसत विचारलं होतं, मग गोठ्यातलं शेण कोण काढणार? सगळ्यांच्या नजरा तानाबाईंकडे, म्हणजे आक्काकडे, वळल्या. "आजवर ज्यानं काढलं त्योच काढंल," आक्का म्हणाली होती. "मला सून पायजे. शेण काढाय गडी मिळतोय की." त्या दिवशी अनुजाने मनाशी धरलं होतं की या बाईच्या केसालाही कुणाचा धक्का लागू द्यायचा नाही. पुढे जे झालं त्याचं मूळ तिथेच होतं.

पण आधी तळ्याचं सांगायला हवं. गल्लीच्या उताराला, दगडी मोरीच्या पलीकडे घोडतळं. संस्थानच्या काळात तिथे घोडी पाण्यावर आणत. घोडी गेली आणि म्हशी आल्या. वरच्या गल्लीतला प्रत्येक गोठा दुपारी तळ्यावर रिकामा व्हायचा आणि तासभर पाण्यावर नुसती शिंगं तरंगायची. म्हशीला पाण्यात बसायला मिळालं नाही तर ती दुधाला रुसते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. यंदा मात्र तळं हिरवंगार झालं. काठाने केंदाळ माजलं, मध्ये शेवाळाची साय आली आणि दसऱ्याच्या सकाळी मासे पोट वर करून तरंगले. आठवड्यात महापालिकेची फळी लागली: दिवाळीनंतर तळ्यात जनावरं सोडण्यास बंदी.

गल्लीचं धाबं दणाणलं. नदी लांब, भर गर्दीतनं जायचं, आणि रोज म्हशी तिथवर न्यायच्या कुणी? तळं बंद म्हणजे गोठे बंद. दोघातिघांनी तर म्हशी कोडोलीच्या पाहुण्यांकडे पाठवायची बोलणीही सुरू केली. आक्काची म्हैस गजरा पंढरपुरी जातीची, शिंगं पार खांद्यामागे गेलेली. तिला कुणी नेणार ही कल्पनाच आक्काला सोसवत नव्हती. आणि अनुजाचं संशोधन नेमकं ह्याच गोष्टीवर होतं: रस्त्यावरची धूळ पावसाबरोबर वाहून तळ्यात काय काय घेऊन जाते. तालमीचे अध्यक्ष हंबीरराव सकाळी सकाळी दारात येऊन उभे राहिले होते.

"सूनबाई, आपल्या म्हशींवर आळ आलाय. तेवढा धुऊन काढा बघू. पालिकेच्या साहेबांना तालमीतच बोलवतो."

"जे असेल ते सांगते मामा," अनुजा म्हणाली होती.

"आवो, जे असंल ते म्हंजे आपलं निर्दोषच असणार की!"

*

धूळ चार ठिकाणची होती. वरच्या गल्लीची, केळीवाल्या चमनभाईंच्या खालच्या गल्लीची, शाळेमागची आणि बाजाराच्या रस्त्याची. अनुजाने चार बाटल्यांत तळ्याचं सारखंच पाणी भरलं आणि प्रत्येकीत एकेका ठिकाणची चमचाभर धूळ टाकली. प्रयोगशाळेतली तपासणी वेगळी चालू होती. हे फक्त लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. ज्या धुळीत खत जास्त, ती बाटली उन्हात लवकर हिरवी होणार.

आक्का गोठ्याच्या पायरीवर बसून दिवाळी पाडव्याला म्हशींना बांधायचे लोकरीचे गोंडे वळत होती.

"म्हंजे बाटलीत गल्ली भरलीस व्हय?" ती म्हणाली. "आन् खत कसलं म्हणालीस?"

"नत्र आणि स्फुरद. तुमच्या माहेरी उसाला घालतात तेच. शेणात असतं, पेंडीत असतं, सडक्या पाल्यात असतं. ते तळ्यात गेलं की शेवाळ माजतं. रात्री ते शेवाळच पाण्यातली हवा खातं, कुजताना तर जास्तच. मग मासे गुदमरतात."

राधानगरीकडच्या शेतात वाढलेल्या आक्काला ते लगेच उमगलं. "केंदाळाला काय कळतंय, आपण ऊस न्हाय म्हणून! पर मग तळ्याला खत घालतंय कोण?"

"तेच बघायचंय."

"आन् कुठली बाटली कुणाची, हे त्या तालमीतल्या म्हाताऱ्यांस्नी कसं कळणार? निम्म्यांचं चष्मं घरात राहत्यात." आक्काने मांडीवरची लोकर पुढे ओढली. "हे घे. आपला लाल. चमनच्या गल्लीला पिवळा, केळीवाल्याला केळीचाच रंग. शाळेला निळा. बाजाराला हिरवा."

चारही बाटल्यांच्या गळ्यात तिने स्वतः दोरे बांधले. गाठ दाव्याची मारली. ओढली की आवळते आणि शेपूट खेचलं की एका झटक्यात सुटते. म्हैस बिथरली तर दावं पटकन सोडता आलं पाहिजे, म्हणून तिच्या सासूने तिला पहिल्या दिवशी हीच गाठ शिकवली होती. मग अनुजा बाटल्या घेऊन गच्चीवर गेली. आक्काचे गुडघे जिना चढू देत नसत, म्हणून तिने खालूनच ओरडून सांगितलं, "कठड्यावर ठेवू नगो गं, मांजार पाडंल!"

*

चार-पाच दिवसांनी दुपारी जोतिबाच्या डोंगराकडे काळं दाटून आलं. परतीचा पाऊस, आला की झोडपून जातो. आक्का पेंड भिजवत होती. आभाळाकडे नजर जाताच ती खराटा घेऊन उठली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिने आरोळी दिली.

"आगं झाडा गं! पाऊस आलाय!"

ही तिची जुनी रीत. दारादारांतून बायका खराटे घेऊन बाहेर पडल्या. शेण कधीच वाया जात नसे, चुलीसाठी त्याच्या शेणी थापल्या जायच्या. पण जे उचलता येत नाही ते उरायचंच: शेणाचा वाळलेला चुरा, वैरणीचा भुसा, पेंडीची भुकटी, टायरांना लागून आलेली माती. ते सगळं खराट्यांनी सरसर पुढे आलं आणि रस्त्याकडेच्या पावसाळी गटारीत गेलं. बघता बघता रस्ता असा निघाला की भाकरी ठेवून खावी. तालमीची स्वच्छ गल्लीची ढाल वरच्या गल्लीने वर्षानुवर्षं सोडली नव्हती ती काही उगीच नाही.

"पाऊस हाय की आपला झाडूवाला," आक्का कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "पुढचं त्यो बघंल."

अनुजा दारात उभी होती. ही झाडलोट तिने लग्न झाल्यापासून पाहिली होती, कौतुकाने पाहिली होती, स्वतःही खराटा धरला होता. आज पहिल्यांदाच तिची नजर रस्त्यावरून गटारीत उतरली आणि तिथेच राहिली. मग थेंब पडायला लागले, तशी ती नमुन्याची बाटली घेऊन मोरीकडे धावली.

मोरीतून पहिलं पाणी आलं ते काढ्यासारखं काळं, वर फेस. भुसा गोल गोल फिरत तळ्यात उतरत होता. अनुजा बाटली बुडवायला वाकली, तेवढ्यात डोक्यावरचा मारा थांबल्यासारखा वाटला. पण पाठ भिजतच होती. वर पाहिलं तर आक्का, दुखऱ्या गुडघ्यांनी उतार उतरून आलेली, छत्री फक्त बाटलीवर धरून उभी. स्वतः नखशिखांत भिजली होती.

"आत्ती, अहो तुम्ही कशाला..."

"आपण भिजलो तर वाळू. त्यात पावसाचं पाणी पडलं तर तुझं गणित चुकंल न्हवं?"

 या बाईला स्फुरदाचा हिशेब कळत नव्हता, पण सुनेचं काम चोख व्हावं हे कळत होतं. आक्का काळ्या पाण्याकडे बघत होती.

"शी! काय ही घाण. कुठल्या गल्लीची गं?"

"सगळ्यांचीच असते आत्ती," अनुजा म्हणाली आणि बूच लावायला खाली वाकली.

*

गच्चीवर लाल दोऱ्याची बाटली हिरवी झाली. निळ्या आणि हिरव्या दोऱ्यांच्या बाटल्या पोपटी, पिवळीचं पाणी तर जवळजवळ नितळ. आणि लाल दोऱ्याची मात्र गर्द, तळ न दिसणारी. प्रयोगशाळेतून आलेले आकडेही तेच बोलत होते. तळ्यात बसणाऱ्या म्हशींचा वाटा होता, नाही असं नाही, पण थोडा. खरा मारा होता मोरीतून येणारा, आणि त्यात सगळ्यात जास्त वरच्या गल्लीचा. ढाल मिळवणाऱ्या गल्लीचा. आक्काच्या आरोळीचा.

सभेच्या दिवशी दुपारी अनुजा बराच वेळ बाटल्यांसमोर बसून होती. खाली आक्का नवं लुगडं नेसून तयार होती आणि शेजारणीला सांगत होती, "आज आमची अनुजा बोलणार हाय. साहेब लोक येणार हाईत." साऱ्या गल्लीत तिने तोंड भरून सांगितलं होतं. त्या सगळ्यांसमोर तिलाच उभं करून सांगायचं, की तळं तुम्ही मारलं?

प्रबंधात खरं तेच लिहीन, अनुजाने स्वतःला सांगितलं. तालमीत कुठली गल्ली हे महत्त्वाचं नाही, धुळीनं काय होतं हे महत्त्वाचं. तिने लाल दोरा सोडला आणि नितळ बाटलीचा पिवळा काढून तिथे बांधला. मग पिवळा हातात उरला. त्याला कुठेतरी जागा द्यायलाच हवी होती. तिने तो गर्द बाटलीला बांधला. गाठ कशीतरी बसली.

*

तालमीच्या सोप्यात सतरंज्या अंथरल्या होत्या. भिंतीवर स्वच्छ गल्लीची ढाल, खाली टेबल, टेबलावर चार बाटल्या. पालिकेचे साहेब खुर्चीवर, शेजारी हंबीरराव, खांबापाशी चमनभाई आणि खालच्या गल्लीतली चार माणसं. बायका एका अंगाला. आक्का सगळ्यांत पुढे मांडी घालून बसली होती.

अनुजा चांगली बोलली. पाऊस रस्ता धुतो तेव्हा ते पाणी जातं कुठे, पहिल्या लोंढ्यातच सगळ्यात जास्त खत कसं असतं, शेवाळ कसं वाढतं. शब्द सोपे होते. माणसं माना डोलावत होती. फक्त ती आक्काकडे बघत नव्हती.

"म्हंजे म्हशी निर्दोष!" हंबीररावांनी मांडीवर थाप मारली. "आन् आपली गल्ली तर बघा, साहेब. लाल दोरा. पाणी कसं नितळ हाय! उगंच न्हाय ढाल मिळत."

टाळ्या पडल्या. मग मागून कुणीतरी विचारलं, "आन् ती हिरवीगार कुणाची?"

"पिवळा दोरा. खालची गल्ली."

"वाटलंच हुतं मला. सडकी फळं टाकत असणार गटारीत."

"आमच्या म्हशींवर आळ आन् घाण ह्यांची!"

चमनभाई उभे राहिले. "अहो, पण आम्ही तर..." एवढं म्हणून ते थांबले. चारी बाजूंनी माणसं त्यांच्याकडे बघत होती. ते परत बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

 हे अनुजाने धरलंच नव्हतं. दोरा तिला नुसता दोरा वाटला होता. त्याच्या टोकाला माणूस आहे हे आत्ता दिसत होतं. 

आक्काने टाळ्या वाजवल्या नव्हत्या. ती जमिनीवर हात टेकून उठली, गुडघ्याला शिवी घातली आणि टेबलापाशी गेली. गर्द हिरवी बाटली उचलून तिने उजेडाकडे धरली. मग तिचा अंगठा पिवळ्या दोऱ्यावरून फिरला आणि गाठीवर थांबला.

तिने अनुजाकडे पाहिलं. एकदाच. 

"चमन," आक्का बाटली न ठेवताच म्हणाली, "तुझ्या दुकानातली केळीची सालं, पपईची सालं कुठं जात्यात रं?"

"तुमच्याच गोठ्यात की, आक्का. रोज दुपारी पाटी येती."

"आन् झाडून काढलेलं?"

"ड्रममध्ये भरतो. गटारीत टाकलं तर उंदीर होतात. फळाच्या दुकानाला उंदीर परवडत नाही."

"ऐकलंसा?" आक्का सभेकडे वळली. "ह्येच्या दारचं माझ्या गजराच्या पोटात जातंय. मग ते तळ्यात जाईलच कसं?"

 आक्काने गाठीचं शेपूट खेचलं. गाठ सुटली नाही, उलट रुतली. तिने दाताने ती सोडवली, तशीच लाल दोऱ्याचीही सोडवली आणि दोन्ही दोरे टेबलावर ठेवले.

"ह्या बाटल्यांस्नी दोरं मी बांधलं हुतं. गच्चीवरनं आणताना सुटलं असतील. पोरीनं घाईत बांधलं, उलटंसुलटं झालं." हे ती इतक्या सहज म्हणाली की कुणाला शंकाच आली नाही. मग तिने लाल दोरा घेतला, गर्द बाटलीच्या गळ्यात घातला आणि आपली गाठ मारली. "आता बरूबर झालं. ही आमची गल्ली."

"आक्का!" हंबीरराव अर्धवट उठले. "काय बोलायलाईसा? साहेब बसल्यात."

"बसू द्या की. साहेबास्नी बी डोळं हाईत." आक्काने आवाज खाली आणला नाही. "झाडा गं झाडा म्हणून मीच वरडतो. माझ्या दारात काडी दिसू ने म्हणून सगळं गटारीत सारतो. पुढं कुठं जातंय ते बघितलंच न्हाय कधी. मोरीच्या तोंडाला मी सवता उभी हुतो त्या दिवशी, छत्री घिऊन. ते काळं पाणी बघून हिला इचारलं, कुठल्या गल्लीची घाण म्हणून. माझीच हुती. लाज वाटतीया मला."

 अनुजाला तिथल्या तिथे जाऊन या बाईचे पाय धरावेसे वाटले. असं कोण बोलतं? भर सभेत, आपल्याच तालमीत, आपल्या ढालीखाली उभं राहून?

साहेबांनी घसा साफ केला. "बाई, तुम्ही खरं बोललात ते चांगलं झालं. पण मग बंदीचं काय करायचं?"

"उन्हाळ्यापतोर दम धरा. आमच्या गल्लीतनं गटारीत चिमूट जाणार न्हाय. झाडलेलं पाट्यांत भरू, आमच्या शेतात टाकू, उसाला चालतंय. तरी तळं हिरवं राहिलं तर फळी हाय तशी ठेवा. म्हशी मीच कोडोलीला पोच करतो."  मग वळून म्हणाली, "चमन, मोकळी ड्रमं हाईत का रं?"

"आहेत की. सकाळी पाठवतो." चमनभाईंनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली.

साहेबांनी बाटली हातात घेऊन पाहिली, मग म्हणाले, उन्हाळ्यापर्यंत म्हशी अडवणार नाही. हंबीररावांनी भिंतीकडे बघत विचारलं, "आन् ही ढाल?"

"ती चमनच्या गल्लीला द्या," आक्का म्हणाली. "पुढच्या साली परत आणतो."

*

घरी परतताना दोघी गल्लीच्या कडेकडेने चालत होत्या.  गोठ्याच्या दारात अनुजा थांबली.

"आत्ती, दोरे सुटले नव्हते."

"ठावं हाय मला."

"मला वाटलं, तुम्हाला..."

"तुला वाटलं आत्तीला राग यील. आला की. लई आला." आक्काने गोठ्याची कडी काढली. आत गजराने मान वर केली. "माझ्यापायी चमनला खाली बघाय लावलंस. सकाळी जाऊन त्येला सवता सांग. मी सांगणार न्हाय."

"सांगते."

"आन् म्हातारी झालो म्हणून माझ्यापसनं काय लपवत जाऊ नगोस. धूळ गोळा करताना एवढी गाडी-घोडी आडवली ती काय खोटं ऐकायला?" अनुजा रडायला लागली तशी आक्काने पदराने तिचं तोंड पुसलं, जरा जोरातच. "गप. उद्या गाठ मारायला शिकवतो तुला. लई कच्ची मारतीस."

*

सकाळी अनुजा खालच्या गल्लीत गेली. चमनभाईंनी सगळं ऐकून घेतलं, केळीच्या घडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "ड्रम कुठं ठेवू ते सांगा." आत जाऊन त्यांनी तिच्यासाठी चहा सांगितला.

पाडव्याला म्हशींची मिरवणूक निघाली. कोल्हापूर त्या दिवशी म्हशींचं असतं. शिंगांना रंग, पाठीवर मोरपिसं, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत घुंगरू, आणि पुढे मालक हाळी देत चाललेला. आपली म्हैस आपल्याच हाळीला कशी धावते हे साऱ्या पेठेला दाखवायचा हा दिवस. गजरापुढे चालायचा मान आजवर आक्काचा. नथ घालून, फेटा बांधून ती निघाली की लोक गॅलरीतून शिट्ट्या मारत.

यंदाही तिने नथ घातली, फेटा बांधला. गजराच्या गळ्यातलं दावं मात्र तिने अनुजाच्या हातात दिलं.

"बांध."

अनुजाने गाठ मारली. आक्काने ओढून बघितली. गाठ आवळली. शेपूट खेचलं, सुटली.

"हं. परत बांध आन् हो पुढं."

"मी? आणि तुम्ही?"

आक्काने दाराआडून पाटी आणि खराटा काढला आणि गजराच्या मागे जाऊन उभी राहिली.

गजरा आधी हलेना. मान वळवून मागे आक्काकडे बघत राहिली. अनुजाने हाळी दिली, ती बारीक, चिरकी निघाली. गल्ली हसली. आक्काने गजराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "जा गं बाई. तीबी घरचीच हाय." तेव्हा कुठे गजराने पाऊल उचललं.

चौकात गर्दी दाटली होती. ढोल वाजत होते. नेमकं तिथेच गजराने शेपूट वर केलं. पोरं खिदळली. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "आक्का, हे काय? पुढं व्हा की! तुमची जागा पुढं!"

"पुढं हाय की आमची," आक्का खालून ओरडली. "दिसत न्हाय व्हय?"

आणि नथ एका हाताने सावरत ती भर चौकात वाकली. शेण पाटीत घेतलं, खाली राहिलेला चुरा खराट्याने गोळा केला, मग पदराच्या टोकाने डांबर पुसलं, अगदी बारीक उरलं होतं तेही. अनुजा दावं धरून थांबली होती. समोरच्या दुकानातून चमनभाई उतरले, त्यांनी पाटीची दुसरी कडी धरली. मागच्या म्हशीचा मालक हे बघत होता. त्याने आपल्या म्हशीपुढचा मान सोडला, दावं धरायला बायकोला हाक मारली आणि तो पाटी आणायला घराकडे पळाला.